सुळावर लटकवत नाहीत

परवा प्रश्न आला तो असा. आपल्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका मंडळाचा यंदाचा सजीव देखावा मांडव्य ऋषींवर आहे. निरपराध ऋषीला राजा सुळावर देतो, ती गोष्ट. लिहिणारा तरुण कार्यकर्ता, उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. त्याने विचारलं: "सर, सूळ म्हणजे फाशीच ना? आम्ही दोन खांब, वर आडवी तुळई आणि दोर असं उभं केलंय. निवेदनात 'याला सुळावर लटकवा' असं वाक्य आहे. बरोबर आहे का? शब्दाचा उगम पण सांगा, बोर्डावर लावायचा आहे. आणि आमच्याकडं पत्रा कापायला गिलोटिन आहे, ते पण माणसं मारायच्या यंत्राचंच नाव म्हणतात, खरं काय?"

आधी थेट उत्तर देतो, कारण गणपती जवळ आलेत. सूळ म्हणजे फाशी नव्हे. सूळ म्हणजे जमिनीत पुरलेला, वरून टोक काढलेला, अणकुचीदार खांब. लाकडाचा किंवा लोखंडाचा. त्याला दोर नसतो, आडवी तुळई नसते. गुन्हेगाराला त्या टोकावर बसवत किंवा टोक त्याच्या अंगात घुसवत. म्हणून सुळावर 'चढवतात', सुळावर 'देतात'. 'लटकवतात' ते फासाला. दोर काढा, तुळई काढा, वाक्यही बदला.

आता उगम. शब्द संस्कृत 'शूल' पासून आला आणि मराठीच्या नेहमीच्या वाटेने आला. त्या वाटेवरची दोन वळणं ओळखता आली की असे शेकडो शब्द घरबसल्या सोडवता येतात. पहिलं वळण शेवटच्या अक्षराचं. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा 'ल' आला की मराठीत त्याचा 'ळ' होतो. फल-फळ, काल-काळ, मूल-मूळ. तसंच शूल-सूळ. दुसरं वळण पहिल्या अक्षराचं. शब्दातल्या 'श' च्या पुढे अ, आ, उ, ऊ असले की अस्सल मराठी तोंडात त्याचा 'स' होतो: शूर्प-सूप, शुंठी-सुंठ, शुष्क-सुका, शृंखला-साखळी. पुढे इ किंवा ए आला की 'श' टिकतो, म्हणून शिंग, शिकणे. शूल मधे ऊ आहे, म्हणून सूळ. 'त्रिशूळ' आणि 'पोटशूळ' यांत 'श' दिसतो, कारण हे शब्द पोथीतून, पंडितांच्या नि वैद्यांच्या तोंडून आले. त्यांनी 'ळ' तेवढा मराठी घेतला आणि 'श' संस्कृतच ठेवला. एकाच शब्दाची दोन लेकरं, एक शेतात वाढलेलं, एक पाठशाळेत.

पण शूल हा शब्द मुळात वधस्तंभाचा नाहीच. तो स्वयंपाकाचा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्वमेधाच्या घोड्याचं सूक्त आहे. त्यात आगीवर भाजल्या जाणाऱ्या अंगातून शूलावरून जो रस गळतो तो जमिनीवर, गवतावर सांडू नये, देवांना पोचावा, अशी प्रार्थना येते. शूल म्हणजे मांस भाजायची टोकदार काठी. पाणिनीने तर यासाठी स्वतंत्र सूत्रच दिलंय, 'शूलात् पाके'. शूलावर मांस भाजणं या अर्थी 'शूलाकरोति' असं रूप होतं, आणि तसं भाजलेलं मांस ते शूल्य. आपल्याकडं तांबडा-पांढरा नि सुक्कं यांच्या पलीकडे फारसं कुणी जात नाही, पण हॉटेलात सीख कबाब मागवता तेव्हा ताटात येतं ते हेच शूल्य. जाता जाता: आपली 'सळई' दिसायला याच घरातली वाटते, पण तिचा उगम 'शलाका'. आणि साप 'सुळकन' गेला, उंदरांचा 'सुळसुळाट' झाला, हे नुसते आवाजाचे शब्द. त्यांना सुळावर चढवू नका.

भाजायच्या काठीवरून भाल्याचं टोक, त्यावरून शंकराचा त्रिशूळ, आणि त्याच टोकावरून शिक्षेचा खांब, असा अर्थ सरकत गेला. स्मृतींच्या काळापर्यंत शिक्षेचा अर्थ पक्का झालेला दिसतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात रात्री भिंतीला भोक पाडून चोरी करणाऱ्या घरफोड्याचे आधी हात तोडावेत आणि मग त्याला तीक्ष्ण शूलावर बसवावं, असं सांगितलंय. 'तीक्ष्ण' हे विशेषण देखावा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. दोर तीक्ष्ण नसतो.

'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या दहाव्या अंकात नायक चारुदत्ताला वधस्थळी नेतात. त्याच्या एका खांद्यावर वध्याची माळ आहे, दुसऱ्या खांद्यावर शूल आहे, आणि तो यज्ञाला नेलेल्या बोकडासारखा चालला आहे, असं वर्णन येतं. म्हणजे ज्यावर मरायचं ते लाकूड गुन्हेगारानेच खांद्यावरून न्यायचं. आणि ती माळ कसली? करवीराची, म्हणजे कण्हेरीच्या फुलांची. आपल्या गावाचं जुनं नावही करवीर, त्यामुळे हा श्लोक वर्गात शिकवताना मी दरवेळी थोडा थांबायचो. मुलांना ते फारसं आवडायचं नाही.

आता तुमचे मांडव्य ऋषी. गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि तिच्यात एक शब्द असा आहे की तो नीट कळला तर अर्धा देखावा तयार. ऋषी आश्रमाबाहेर झाडाखाली मौन धरून उभे. चोर पळत येतात, लुटीचा माल आश्रमात लपवतात आणि स्वतःही तिथेच दडतात. मागून राजाची माणसं येतात, विचारतात, ऋषी बोलत नाहीत. माल सापडतो, चोर सापडतात, आणि चोरांबरोबर ऋषीही सुळावर. पण तपाच्या बळावर ते जिवंत राहतात. राजाला कळल्यावर तो धावत येतो, पाया पडतो, सूळ उपसायला बघतो, पण निघत नाही. शेवटी तो बुडाशी कापतात, आणि टोक, म्हणजे 'अणी', ऋषींच्या अंगातच राहते. म्हणून नाव अणीमांडव्य. आपल्या 'अणकुचीदार' मधे तीच अणी. दोराची शिक्षा असती तर हे नावच पडलं नसतं. तुमच्या निवेदकाला सांगा, सगळी गोष्ट त्या टोकावर उभी आहे.

पुढे ऋषी यमधर्माला जाब विचारतात, मी असं काय केलं होतं? उत्तर मिळतं, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? म्हणून ते धर्माला मनुष्यजन्माचा शाप देतात, आणि तो विदुर म्हणून जन्मतो. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातून घडलेल्याचं पाप धरायचं नाही, हा दंडकही ऋषी तिथेच घालून देतात. ते काडी खुपसणं मात्र देखाव्यात जरूर दाखवा. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवणारी पोरं रंकाळ्याच्या काठाला आजही दिसतात. बघणाऱ्यांना लगेच लागेल.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमची नि माझी चूक एकच आहे. मोडी वाचायला लागून मला फार वर्षं झाली नव्हती. एका पुस्तकासाठी जुन्या कागदांचं लिप्यंतर आणि खाली आजच्या मराठीत सारांश, असं काम होतं. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडला, एका कागदात 'सुळी दिल्हा' अशी अक्षरं लागली. लिप्यंतर बिनचूक केलं, आणि सारांशात लिहिलं, 'त्याला फाशी दिली'. तपासणारे गृहस्थ वयाने मोठे. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि एवढंच विचारलं, "यात दोर कुठं आहे, दाखव बघू." दाखवता येईना.

त्या 'सुळी' मधे आणखी एक गाठ आहे. कोशात 'सूळ' पुल्लिंगी सापडतो, मग 'सुळी' कुठून आली? स्त्रीलिंगी वेगळा शब्द आहे का? माझ्या मते जुन्या कागदातलं 'सुळीं देणे' हे बहुतेक वेळा सूळ शब्दाचंच सप्तमीचं रूप आहे. घर-घरीं, पाय-पायीं, तोंड-तोंडीं, तसं सूळ-सुळीं. शिक्षांची भाषा सगळी याच साच्यातली: हत्तीच्या पायीं देणे, तोफेच्या तोंडीं देणे, सुळीं देणे. तोफेच्या तोंडी कोल्हापूरला नवखी नाही. १८५७ साली इथल्या सत्ताविसाव्या पलटणीने बंड केलं, तेव्हा बंडवाल्यांतल्या काहींचा शेवट तसाच झाला. अनुस्वार गेला, आणि मोडीत तर ह्रस्व-दीर्घाचाही भेद पाळत नाहीत, त्यामुळे 'सुळी' ही एखादी बाई असल्यासारखी स्वतंत्र उभी राहिली. हिंदीतल्या 'सूली' ने तिला बळ दिलं.

तुमच्या वाक्याचा घोळही तिथूनच आलेला दिसतो. हिंदीत 'सूली' सुळालाही म्हणतात, येशूच्या खांबालाही म्हणतात, आणि सिनेमात तर 'सूली पर लटका दो' सर्रास ऐकू येतं. तिथे लटकवणं खपून जातं. मराठीने या तीन गोष्टींना तीन नावं ठेवली आहेत. येशूसाठी पोर्तुगीजांकडून आलेला 'क्रूस' आहे, आणि मराठी बायबलात 'वधस्तंभ' हा संस्कृत घडणीचा शब्द आहे. कुणी 'येशूला सुळावर दिलं' असं लिहिलं तर मराठी वाचणारा ख्रिस्ती माणूस दचकेल. सीमेपलीकडे निपाणीच्या पुढे गेलात तर कन्नडातही सुळाला 'शूल' च म्हणतात आणि त्यावर 'चढवतात' च.

सूळ गेला तरी शब्द गेला नाही, उलट पोरंबाळं वाढवून बसला. सह्याद्रीतल्या उभ्या टोकाला सुळका म्हणतो, लिंगाण्याचा, वजीरचा. कुत्र्याचे टोकदार दात सुळे, आणि हत्तीचे बाहेर आलेले दातही सुळेच. पोटात कळ मारते तो शूळ. वैद्यकात हा अर्थ कसा आला ते सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितलंय: खुंटी ठोकून फोडावं, शूलावर अडकलेल्या माणसाला व्हाव्यात, तशा वेदना होतात म्हणून या रोगाला शूल म्हणायचं. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की उठतो तो पोटशूळ, त्याचं नातं असं थेट वधस्थळाशी आहे.

आणि 'सुळावरची पोळी'. सुळाच्या टोकाला पोळी लावलेली आहे, भूकही लागली आहे, पण काढायला जाणारा सुळावरच जाईल. मिळकत आहे पण जिवाशी गाठ आहे, अशा कामाला हा शब्द वापरतात. तुकोबांनी भक्तीला सुळावरची पोळी म्हटलंय, ते याच अर्थाने. माझी आजी हा शब्द कोर्टकचेरीच्या जमिनीला वापरायची.

फाशीकडे वळू. तिचा आजा संस्कृत 'पाश'. पण पाशचा 'पास' व्हायला हवा होता, 'फ' कुठून आला? हे मराठीत वरचेवर होतं. पनस-फणस, परशु-फरशी. पार्श्व म्हणजे बाजू, हिंदीत तिची पसली झाली आणि मराठीत फासळी. शब्दारंभीच्या 'प' चा काही शब्दांत 'फ' होतो हे जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकातच आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवलं, आणि त्या यादीत पनस आहे. (फरशी म्हणजे इथे परशुरामाच्या हातातली कुऱ्हाड. तुमच्या घरातली शहाबादी फरशी अरबी 'फर्श' ची, तिचा परशुरामाशी संबंध नाही.) पट खेळायचा 'फासा' मात्र पाशक पासूनचा. त्यातही प चा फ झालाय.

पाश हे मुळात शिकाऱ्याचं हत्यार. फासेपारधी हे नावच फास लावून तितर, हरणं धरण्यावरून पडलं. वाटसरूंचा गळा रुमालाने आवळणाऱ्या ठगांना दक्षिणेकडे फासीगर म्हणत. शिकारीचा फास माणसाच्या गळ्यात आला आणि त्याची शिक्षा झाली तेव्हा 'फाशी' हा शब्द सगळ्या विधीला मिळाला. आजच्या कायद्यात मृत्युदंडाची पद्धत तीच आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४ मधे 'मरेपर्यंत गळ्याला फास लावून टांगावे' अशा आशयाचे शब्द होते, तेच नव्या संहितेतही आले. महाराष्ट्रात फाशी येरवडा आणि नागपूर इथे होते. आपल्या कळंब्याच्या जेलचं नाव उगीच त्यात गोवू नका, गणपतीतले निवेदक ते हमखास करतात.

राहता राहिली तुमची गिलोटिन. होय, नाव तेच आहे. पण ते माणसाचं आडनाव आहे. जोसेफ इग्नास गियोतँ हा पॅरिसचा डॉक्टर, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी सभेत निवडून आलेला. तोवर सरदारांचा शिरच्छेद तलवारीने व्हायचा आणि गोरगरिबांना टांगायचे. त्याने १७८९ साली मांडलं की शिक्षा सगळ्यांना सारखी असावी आणि डोकं यंत्राने उडवावं, म्हणजे हाल होणार नाहीत. यंत्र त्याने बनवलेलं नाही. आराखडा आंत्वान लुई या दुसऱ्या डॉक्टरचा, म्हणून सुरुवातीला त्याला 'लुईझेत' म्हणत. आणि ते जोडलं टोबियास श्मिट नावाच्या जर्मन कारागिराने. त्याचा रोजचा धंदा हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य, बनवायचा. २५ एप्रिल १७९२ ला एका वाटमाऱ्यावर ते पहिल्यांदा चाललं. लुईचं नाव मागे पडलं आणि बिचाऱ्या गियोतँचं चिकटलं. फ्रेंचमधे यंत्र स्त्रीलिंगी, म्हणून आडनावाच्या शेवटी रोमन 'e' हे अक्षर लावून 'गियोतीन'. तुमच्या वर्कशॉपातही पोरं "गिलोटिन लावली का?" असंच म्हणतात, तेव्हा लिंग तरी आपण फ्रेंचांचंच चालवतोय. तो डॉक्टर स्वतः गिलोटिनखाली मेला ही सांगोवांगी. तो १८१४ साली अंथरुणात वारला. फ्रान्सने हे यंत्र १९७७ साली शेवटचं वापरलं आणि १९८१ साली मृत्युदंडच काढून टाकला.

नाव पत्रा कापायच्या मशीनला का गेलं हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. वरून येणारं पातं, खाली पक्की धार. आणि पातं तिरकं असतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कापत जातं, म्हणून आठ फुटी पत्रा कमी ताकदीत निघतो. पॅरिसच्या यंत्राचं पातंही तिरकंच होतं. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्याच्या कटिंग मशीनलाही हेच नाव आहे, आणि लोकसभेत अर्थसंकल्पाच्या उरलेल्या मागण्या चर्चेच्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदम मताला टाकतात, त्यालाही गिलोटिनच म्हणतात.

हे सगळं मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "सर, दोर काढायचा म्हंजे सगळं स्ट्रक्चरच बदलाय लागतंय की ओ!" मी म्हटलं, दोन खांबांतला एक काढ, उरलेल्याला वर टोक कर, झालं. लहान पोरं बघायला येतात, तेव्हा ऋषीला टोकावर दाखवू नका. पायथ्याशी उभा करा, सावली मागच्या पडद्यावर पाडा. ते त्यांना पटलं. टोकाला कार्यकर्त्यांनी जीआय पत्र्याचा शंकू केला, अर्थात गिलोटिनवर कापून.

राहिला बोर्ड. फ्लेक्स आधीच छापून आला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'सूळावर'. मूळ-मुळावर, सूप-सुपात, तसं सूळ-सुळावर. विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की 'ऊ' आखडतो. नवा फ्लेक्स छापायला मंडळाचा खजिनदार तयार नव्हता. शेवटी रात्री अकरा वाजता एक पोरगा शिडीवर चढला, दीर्घ ऊकारावर पांढऱ्या रेडियमची पट्टी चिकटवली, आणि मार्करने त्यावर ह्रस्व काढला. खालून मी बॅटरी धरली होती.